संत बोएथियस : बंदिवासातील तत्त्ववेत्ते

महोत्सवाच्या प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करणे उचित होय. म्हणून आज आम्ही धर्मग्रामस्थांपुढे अशा एका थोर पुरुषाचे चरित्र ठेवीत आहो, की ज्यांचे कार्य अपुरे राहिले, तरी त्या अपुऱ्या कार्यावर शेकडो वर्षे ख्रिस्ती विद्यापीठे पोसली गेली.

सेव्हेरिनस बोएथियस यांचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास रोम येथील एका थोर ख्रिस्ती कुळात झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. तेव्हा सिम्माखस नामक विद्वान गृहस्थांनी त्यांचा प्रतिपाळ केला व पुढे आपली कन्या त्यांस दिली. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य तेव्हा लयास गेले होते आणि ग्रीक भाषा जाणणारे तेथे दुर्मिळ होत चालले होते. भाषेबरोबर विद्याही लुप्त होईल हे ओळखून बोएथियस यांनी प्लेटो व अ‍ॅरिस्टॉटल यांचे सारे ग्रंथ लॅटिनमध्ये आणण्याचा, व त्या दोघांच्या मतांचा मेळ घालून दाखविण्याचा संकल्प केला. पॉर्फिरी हा तत्त्ववेत्ता ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. तथापि त्याच्या तर्कशास्त्रप्रवेशावरही त्यांनी दोन भाष्ये लिहिली. सत्य कोणाच्याही हातून आले तरी ते देवाचेच, असा त्यांचा भाव असावा, असे आम्हांस वाटते.

इ. स. ५१० मध्ये ते कॉन्सल झाले. ५२२ मध्ये त्यांचे दोन्ही पुत्र एकाच वेळी त्या पदावर चढले आणि ते स्वतः थिओडोरिक राजाचे मुख्य अधिकारी झाले. परंतु ते वैभव क्षणभंगुर ठरले. अल्बिनस नामक सभासदावर, तो कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाशी संधान बांधतो, असा आरोप आला. बोएथियस त्याच्या बाजूने निर्भयपणे उभे राहिले. तेव्हा तोच राजद्रोहाचा आळ त्यांच्यावरही आला. त्यांचे म्हणणे ऐकून न घेताच त्यांस दोषी ठरविण्यात आले आणि इ. स. ५२४ च्या सुमारास त्यांचा वध झाला.

मृत्यूची वाट पाहत असता त्यांनी ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ हा पाच भागांचा गद्यपद्यात्मक ग्रंथ लिहिला. देव जगाचा नियंता असता दुर्जन का फोफावतात व सज्जन का चिरडले जातात, हा त्यातील प्रश्न होय. शोकाकुल घरी गेलो असता आम्हांसही हाच प्रश्न ऐकू येतो. बोएथियस उत्तर देतात ते असे, की दैवाने दिलेले धन व मान खरे आपले नव्हेतच. खरे कल्याण एका देवाच्या ठायी आहे. देव भूत, भविष्य व वर्तमान सारे एकाच शाश्वत क्षणी पाहतो. म्हणून त्याच्या जाणण्याने मनुष्याचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही.

या ग्रंथात ख्रिस्ताचे नाव कोठेही नाही. त्यामुळे काही पंडितांस शंका आली, की पवित्र त्रैक्यावरील निबंध यांचे नसावेत. परंतु कॅसिओडोरस या त्यांच्या समकालीनाच्या लिखाणाचा एक त्रोटक भाग इ. स. १८७७ मध्ये हेर्मान उझेनर यांनी प्रसिद्ध केला. त्यात बोएथियस यांनी त्रैक्यावर ग्रंथ लिहिल्याचे स्पष्ट नमूद आहे. त्यामुळे ती शंका बहुतेक मिटली. आमच्या मते, बुद्धीच्या दिव्याने जेथवर जाता येते तेथवर ते त्या ग्रंथात चालत गेले. श्रद्धेचे दार त्यापुढेच आहे.

प्लेटोचे भाषांतर त्यांच्या हातून झालेच नाही. पण बाराव्या शतकापर्यंत पश्चिमेस अ‍ॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्र मुख्यतः त्यांच्याच लेखणीतून कळले. आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांच्या त्रैक्यविषयक निबंधावर भाष्य आरंभिले. त्यांच्या अस्थी पाव्हिया येथे, संत ऑगस्टीन यांची समाधी असलेल्या मंदिरातच आहेत. पोप तेरावे लिओ यांच्या कारकिर्दीत, इ. स. १८८३ मध्ये, तेथील त्यांच्या भक्तीस मान्यता मिळाली. त्यांचा सण २३ ऑक्टोबरला येतो.

पाया घालणारे हात शिखर पाहतातच असे नाही. आपल्या मंदिराचा पाया घालणाऱ्यांचेही तसेच आहे. त्यांनी अर्धवट ठेविलेले काम पुढे नेण्याचे बळ प्रभू आपणां सर्वांस देवो.