इंजिनाची टकटक थांबवणारा थॉमस मिजली

मांजलपूरच्या जुन्या गॅरेजांत एक दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे बारीक करून ऐकत राहतो. मग टायमिंग जरासे मागे घेतो आणि पुन्हा ऐकतो. पावागडचा चढ चढताना डबलसीट स्कूटरमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, तोच तो शोधत असतो. त्याला नॉकिंग म्हणतात. रोटरी इंजिनात, म्हणजे ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो त्यात, हे ऐकणे फारच नाजूक काम. रोटरच्या टोकांवरच्या पातळ सीलपट्ट्या जोराच्या नॉकिंगने फुटू शकतात. म्हणून ट्यूनिंग करणारे इंजिनाला तांब्याची नळी जोडून तिचे दुसरे टोक कानावरच्या हेडफोनमध्ये आणतात.

या आवाजामागे ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्याची हकिकत मंडळाच्या वाचकांसाठी आम्ही येथे देत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे. इंजिनातले बारकावे आम्हाला मुळात ठाऊक नव्हते, वाचून समजून घेतले.

थॉमस मिजली यांचा जन्म 18 मे 1889 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावी झाला. वडील स्वतः संशोधक, चाके आणि टायर यांच्या धंद्यातले. मिजलींनी 1911 साली कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पुढे जगाने त्यांना रसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखले, पण रसायनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

1916 साली ते डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली कामाला लागले. केटरिंग यांनीच मोटारीला विजेचा सेल्फ-स्टार्टर दिला होता. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो पहिल्यांदा बसला आणि हँडल मारायचा त्रास गेला. पण लोक म्हणू लागले की बॅटरीच्या इग्निशनमुळेच इंजिन ठोकते. केटरिंगना हे पटत नव्हते. खरे कारण शोधायचे काम त्यांनी या तरुणाकडे सोपवले.

मिजलींनी सिलिंडरच्या आत काय घडते ते पाहायची साधने तयार केली. दिसले ते असे: ठिणगी पडते, ज्योत पसरू लागते, पण ती पोचायच्या आतच कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते. दाब एकदम उसळतो, त्याची लाट धातूवर आदळते आणि टकटक ऐकू येते. दोष बॅटरीचा नव्हता, इंधनाचा होता. आणि हे महत्त्वाचे होते, कारण मिश्रण जितके जास्त दाबावे तितके त्याच पेट्रोलमधून काम जास्त मिळते. नॉकिंग त्या वाटेत आडवे येत होते.

मग उपायाचा शोध सुरू झाला, आणि तो गमतीदार आहे. बर्फाखालीही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची खालची बाजू लाल असते. त्यावरून तर्क निघाला की इंधन लाल केले तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नीट जळेल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलींनी आयोडीन घातले. टकटक थांबली! नंतर खरे लाल रंग आणून घातले, तर काही उपयोग नाही. तर्क साफ चुकीचा होता, पण आयोडीनने वाट दाखवली: रंगाचा संबंध नाही, रसायनाचा आहे.

पुढची काही वर्षे एकामागून एक पदार्थ इंजिनात घालून आवाज तपासण्यात गेली. टेल्युरियमच्या प्रयोगांत तर अंगाला लसणासारखा असा वास चिकटायचा की धुऊन जात नसे. अखेर मूलद्रव्यांच्या तक्त्याचा आधार घेत ते शिशापर्यंत आले. 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात गेले. गॅलनमागे जेमतेम तीन ग्रॅम पुरत होते.

आता येथे आमच्यातला बँकेचा माणूस थोडा थबकतो. अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग थांबते, हे मिजलींना आणि त्यांच्या कंपनीला ठाऊक होते. पण ते शेतमालापासून कोणीही बनवू शकत होता, त्याचे पेटंट घेऊन कमाई होण्यासारखी नव्हती. शिसे विषारी आहे हे तर रोमन काळापासून माहीत होते. तरी निवड शिशाची झाली. मालाला नाव देताना शिशाचा उल्लेख गाळून त्याला नुसते एथिल म्हटले. 2 फेब्रुवारी 1923 रोजी डेटनमध्ये पंपावर विक्री सुरू झाली. त्याच सुमारास खुद्द मिजली शिशाच्या बाधेने आजारी होते आणि प्रकृती सुधारायला फ्लोरिडात गेले होते. म्हणजे धोका त्यांना अंगावर घेऊन ठाऊक होता.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे 5 कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, तीसहून अधिक रुग्णालयात गेले. इतर दोन कारखान्यांतही मृत्यू झाले होते. 30 ऑक्टोबरला मिजलींनी पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतले आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखवला. हे आम्हाला या चरित्रातले सर्वांत क्लेशदायक पान वाटते. आवाजाचे कारण सापडेपर्यंत दुसऱ्याच्या मतावर विसंबून न राहणारा हा माणूस इथे मात्र पत्रकारांना दाखवण्यापुरता प्रयोग करत होता. काही महिने विक्री थांबली. मग सरकारी समितीने बंदीला पुरेसे कारण नाही असे ठरवले आणि 1926 साली ती पुन्हा सुरू झाली.

त्यांनी 1928 च्या सुमारास फ्रिजसाठी फ्रिऑन वायूही तयार केला. त्याआधीचे वायू विषारी किंवा पेट घेणारे होते, म्हणून हे वरदानच वाटले. ओझोनच्या थराला त्यापासून असलेला धोका 1974 साली पुढे आला. तो मिजलींना कळणे शक्य नव्हते, त्याचा दोष त्यांना द्यावा असे आम्हाला वाटत नाही. शिशाचे मात्र तसे म्हणता येत नाही.

1940 साली त्यांना पोलिओने गाठले, पाय गेले. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची योजना स्वतःच तयार केली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्यांचा अंत झाला; सरकारी नोंदीत आत्महत्या लिहिली गेली. वय 55. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

शिसे त्यांच्यामागे बराच काळ राहिले. आपल्या देशात ते 2000 साली पेट्रोलमधून गेले, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, 2021 साली. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले सभासद त्या बदलाच्या काळाविषयी आमच्यापेक्षा अधिक सांगू शकतील, त्यांनी जरूर लिहावे. जुन्या मारुतीच्या पेट्रोलच्या झाकणापाशी फक्त अनलेडेड वापरा अशी चिठ्ठी चिकटवलेली असायची, ती काहींना आठवत असेल. आणि आज आपल्या पंपांवर जे पेट्रोल मिळते त्यात उसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल, म्हणजे तेच अल्कोहोल, मिसळलेले असते.