लपलेल्या ताऱ्यांचा हिशेब : वेणू बाप्पू

छत्रपती संभाजीनगर : एखादा लघुग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा तो तारा काही क्षण दिसेनासा होतो. खगोलशास्त्रात यास पिधान म्हणतात. हौशी निरीक्षक आता लहानशा दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा जोडतात, चित्रणावर जीपीएसची वेळ उमटवतात आणि तारा विझल्याचा व पुन्हा उजळल्याचा क्षण नोंदवतात. लघुग्रहाची सावली सेकंदाला 15 किलोमीटर वेगाने सरकत असेल आणि तारा 4 सेकंद लपला असेल, तर त्या जागेवरून लघुग्रहाची रुंदी 60 किलोमीटर भरते. निरनिराळ्या गावांतील अशा नोंदी शेजारी मांडल्या की त्याचा आकार उमटू लागतो. घरच्या गच्चीवरून होणारे हे काम भारतात मोठ्या वेधशाळेच्या पातळीवर ज्यांच्या कारकिर्दीत गाजले, ते डॉ. मनाली कल्लाट वेणू बाप्पू.

बाप्पू मूळचे मलबारचे, जन्म चेन्नईचा, 10 ऑगस्ट 1927 रोजी झालेला. मात्र ते वाढले हैदराबादेत. वडील निजामिया वेधशाळेत नोकरीस होते, त्यामुळे दुर्बीण ही त्यांच्या घरातलीच वस्तू. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबादच्या महसुलाचा वाटाही ज्या तिजोरीत जात असे, तिच्यावरच ही वेधशाळा चालत असे. हा धागा आपल्याकडे सहसा कोणी आठवत नाही.

विद्यार्थिदशेतच बाप्पू यांनी रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे सुरू केली. पुढे हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. साल होते 1949. पोलीस कारवाईला जेमतेम काही महिने झाले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना छायाचित्रावर एक नवा धूमकेतू आढळला. प्रा. बार्ट बोक व सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्या नावांसह तो बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. 1952 मध्ये पीएच.डी. झाल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियात ऑलिन विल्सन यांच्यासमवेत काम केले. ताऱ्याच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या रेषेच्या रुंदीवरून त्याची खरी तेजस्विता काढता येते, असे त्यांनी दाखवले. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेला हा विल्सन-बाप्पू परिणाम पाठ्यपुस्तकांत स्थिरावला आहे.

परदेशात राहणे सोपे होते. ते परतले. वाराणसी, नैनिताल आणि 1960 पासून कोडाईकनाल असा त्यांचा प्रवास झाला. कोडाईकनाल सूर्याच्या निरीक्षणासाठी उत्तम, पण रात्रीच्या आकाशासाठी दुसरी जागा हवी होती. ती त्यांना तमिळनाडूतील जावडी टेकड्यांत, कावलूर येथे मिळाली. 1968 मध्ये तेथे 38 सेंटिमीटरची दुर्बीण बसली आणि 1972 मध्ये एक मीटर व्यासाची.

त्याच वर्षी, 7 जून 1972 रोजी गुरूचा उपग्रह गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून गेला. कावलूरच्या नव्या दुर्बिणीने आणि इंडोनेशियातील लेम्बांग येथून त्याची नोंद झाली. ताऱ्याचा प्रकाश मावळण्याच्या पद्धतीवरून गॅनिमीडभोवती विरळ वातावरण असावे, असा निष्कर्ष निघाला. पुढे व्हॉयेजर यानाने ते वातावरण अंदाजापेक्षा फारच विरळ असल्याचे दाखवले.

दुसरा प्रसंग अधिक चटका लावणारा आहे. 10 मार्च 1977 रोजी युरेनस एका ताऱ्याला झाकणार होता. ग्रह ताऱ्यापाशी पोहोचण्याआधीच कावलूरच्या नोंदपट्टीवर प्रकाश काही सेकंद घसरला. जे. सी. भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी तो युरेनसचा नवा उपग्रह मानला. अमेरिकेच्या उडत्या वेधशाळेतील चमूला मात्र ग्रहाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरांवर अशा घसरणी आढळल्या. उपग्रह दोन्हीकडे असणार कसा? त्या कड्या होत्या. नोंद कावलूरकडेही होती, अर्थ दुसऱ्यांनी लावला. तरी बाप्पू आणि भट्टाचार्य यांनी आपल्या नोंदी पुन्हा तपासल्या व त्याच वर्षी युरेनसभोवती शनीसारखी कडी असल्याविषयी 'नेचर'मध्ये लिहिले. आपलाच कागद दुसऱ्यांदा वाचण्याचा हा मोकळेपणा प्रस्तुत वार्ताहराला धूमकेतूच्या शोधाहून मोठा वाटतो.

1979 मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष झाले. कावलूरसाठी 2.34 मीटरची दुर्बीण देशातच घडवण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. ती पूर्ण झालेली मात्र त्यांना पाहता आली नाही. 19 ऑगस्ट 1982 रोजी, संघाचे अधिवेशन ग्रीसमध्ये चालू असतानाच, जर्मनीतील म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 55 वर्षांचे होते. जानेवारी 1986 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्या दुर्बिणीला व वेधशाळेला त्यांचे नाव दिले.

1979 मध्ये सापडलेल्या 2596 क्रमांकाच्या लघुग्रहालाही त्यांचेच नाव आहे. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरताना तोही अधूनमधून एखाद्या ताऱ्यासमोर येतो.