भाडेकराराचा कागद नीट वाचला नाही आणि सॅम वॉल्टनला चालतं दुकान सोडावं लागलं

फ्रँचायझी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो पैशांचा. डिपॉझिट किती, कंपनीला किती द्यायचे, गाळ्याचं भाडं किती. पण जगातली सगळ्यात मोठी रिटेल कंपनी उभी करणाऱ्या माणसाचं पहिलं दुकान पैशांमुळे गेलं नाही. ते गेलं एका कागदामुळे.

हा माणूस म्हणजे वॉलमार्टचा संस्थापक सॅम वॉल्टन. २०१८ मध्ये आपल्या फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतला, तीच वॉलमार्ट.

सॅमचा जन्म २९ मार्च १९१८ चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला. पोरगं महामंदीच्या काळात वाढलं. घरच्या गाईचं दूध विकणं, पेपर टाकणं ही कामं त्याने लहानपणीच केली. १९४० मध्ये मिसुरी विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि जे. सी. पेनीच्या दुकानात महिन्याला ७५ डॉलरवर नोकरीला लागला. मग महायुद्ध आलं, सैन्यात गेला.

१९४५ मध्ये तो सैन्यातून बाहेर पडला तेव्हा वय होतं २७. डोक्यात एकच विषय, स्वतःचं दुकान. बायको हेलनची अट होती की दहा हजारांपेक्षा जास्त वस्तीच्या गावात राहायचं नाही. शोधता शोधता अर्कान्सा राज्यातलं न्यूपोर्ट हे छोटं गाव सापडलं. तिथे ‘बेन फ्रँकलिन’ या साखळीचं एक दुकान विकायला होतं. साबण, सुया-दोरे, कपडे, खेळणी असं सगळं किरकोळ सामान तिथे मिळायचं. साखळीची मालकी बटलर ब्रदर्स या कंपनीकडे होती.

किंमत होती २५ हजार डॉलर. ५ हजार सॅमचे, २० हजार सासऱ्याकडून उसने.

दुकान घेतल्यावर कळलं की सौदा काही खास नव्हता. वर्षाची विक्री जेमतेम ७२ हजार डॉलर. भाडं विक्रीच्या ५ टक्के, म्हणजे त्या काळच्या मानाने भलतंच जास्त. समोरच तगडा स्पर्धक. त्यात कंपनीचा नियम असा, की किमान ८० टक्के माल आमच्याकडूनच घ्यायचा.

अर्थात कंपनीने दिलंही बरंच. दुकान कसं चालवायचं याचं ट्रेनिंग दिलं, हिशेबाची पद्धत शिकवली. सॅमला दुकानदारीचा अनुभव फारसा नव्हता. त्याच्यासाठी ही शाळाच होती.

पण उरलेल्या मालात त्याने डोकं लावलं. बायकांची अंतर्वस्त्रं कंपनीकडून अडीच डॉलर डझन पडायची आणि डॉलरला तीन या दराने विकली जायची. सॅमने न्यूयॉर्कचा एजंट गाठला, तोच माल २ डॉलर डझनने आणला आणि डॉलरला चार विकायला लागला. हिशेब केला तर एका नगामागे नफा साडेबारा सेंटवरून आठ-सव्वाआठ सेंटवर आला. पण खप इतका वाढला की एकूण नफा जास्त झाला. पुढे वॉलमार्ट चाललं ते याच गणितावर.

पहिल्या वर्षी विक्री १ लाख ५ हजार डॉलरवर गेली, मग १ लाख ४० हजार, मग १ लाख ७५ हजार. अडीच वर्षांत सासऱ्याचे पैसे फिटले. पाचव्या वर्षी विक्री अडीच लाखांच्या घरात पोहोचली.

आणि इथेच माशी शिंकली.

दुकानाचा भाडेकरार ५ वर्षांचा होता. मुदत संपल्यावर तो वाढवून मिळेल, असं कलमच त्यात नव्हतं. घाईत सॅमचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. दुकान जोरात चालतंय हे जागामालक बघत होता, आणि त्याला ते आपल्या मुलासाठी हवं होतं. त्याने करार वाढवायला चक्क नकार दिला. गावात दुसरी चांगली जागा नव्हती. मालकाने सामानाचे आणि फ्रँचायझीचे पैसे वाजवी दिले, पण ५ वर्षांत जमवलेलं गिऱ्हाईक त्याच्या मुलाकडे गेलं.

१९५० मध्ये सॅम बायको आणि चार मुलांना घेऊन बेंटनव्हिलला गेला. वस्ती तीन हजार. पुन्हा बेन फ्रँकलिनचीच फ्रँचायझी घेतली. पण या वेळी दुकान मोठं करायला शेजारची जागा घेतली, ती ९९ वर्षांच्या करारावर!

पुढच्या दहा वर्षांत त्याची पंधराएक दुकानं झाली. मग त्याने बटलर ब्रदर्सपुढे कल्पना मांडली, की छोट्या गावांत मोठी स्वस्त दुकानं काढू, तुम्ही तुमचा नफा कमी करा. कंपनी नाही म्हणाली. सॅमने स्वतःच २ जुलै १९६२ ला रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं.

१९८५ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्याला अमेरिकेतला सर्वात श्रीमंत माणूस ठरवलं. ५ एप्रिल १९९२ ला तो गेला. वॉलमार्टवर टीकाही कमी झाली नाही. कामगारांना पगार कमी देतात, गावोगावची छोटी दुकानं यांच्यामुळे बंद पडली, हे आरोप आजही होतात. एकेकाळी अशाच छोट्या दुकानाचा मालक असलेल्या माणसाच्या कंपनीवर.

त्यामुळे उद्या तुम्ही फ्रँचायझी घ्यायला निघालात, तर कंपनीचा करार वाचाच. पण गाळ्याचा करारही तितकाच नीट वाचा. मुदत किती, ती वाढवायचा हक्क कुणाचा, भाडं कसं वाढणार? सॅमला हे प्रश्न सुचले, तोवर दुकान दुसऱ्याचं झालं होतं.