वर्गात न रमलेला विद्यार्थी : कर्मवीर भाऊराव पाटील



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा मुलगा असतो, की ज्याचे मन वर्गात लागत नाही. गुरुजी फळ्यावर गणित मांडतात आणि याची नजर खिडकीबाहेर. निकालाच्या दिवशी त्याला बोलणी बसतात. दोनदा नापास झाला, की शाळेतून काढून कामाला लावण्याच्या गोष्टी सुरू होतात. तो निर्णय घेण्यापूर्वी आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीतील एका नापास विद्यार्थ्याची हकीकत ऐकून घ्या.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडील कुंभोज या गावी झाला. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात नोकरीला. मराठी शाळेचे शिक्षण विट्याला झाले आणि पुढे इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. कुस्ती आणि पोहणे यांत ते तरबेज. अभ्यासात मात्र यथातथाच. गणिताशी तर उभे वैर. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना वरच्या वर्गात घालण्याविषयी गणिताच्या शिक्षकांकडे शब्द टाकला, तेव्हा भाऊराव बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात पाठवतो, पण भाऊरावाला पाठवणार नाही, असे उत्तर त्या बाणेदार शिक्षकांनी दिले, अशी आठवण आजही सांगितली जाते. इंग्रजी सहावीच्या पुढे भाऊरावांची मजल गेली नाही.

मग पोटासाठी साताऱ्यात त्यांनी काय केले असेल? शिकवण्या! जो स्वतः वर्गात रमला नाही, तोच पाटील मास्तर म्हणून गावात ओळखला जाऊ लागला. आपले मन का लागले नाही हे ज्याने सोसले आहे, त्याला दुसऱ्या मुलाचे मन कोठे अडते ते लवकर कळते, असे मला वाटते.

पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने भाऊराव खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांची हुशार पोरे गुरांमागे जाताना त्यांनी पाहिली. गावात शाळा नाही, असली तर पुढच्या शिक्षणासाठी शहरात राहायला जागा नाही, खायला भाकरी नाही. ज्या मुलाला रात्रीच्या जेवणाची भ्रांत आहे, त्याने दुपारी इतिहासात लक्ष कसे घालावे? म्हणून भाऊरावांनी आधी वसतिगृहाचा विचार केला. आजच्या सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे सहकाऱ्यांसह उभारलेला विद्यार्थी आश्रम ही त्याची सुरुवात. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहात हिंदू, मुसलमान, जैन, दलित अशी सर्व मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. ज्याला घरी कधी कोणी जवळ बसवले नव्हते, तो येथे इतरांच्या मांडीला मांडी लावून बसे. हा बदल लहान समजू नका. अपमानाने खाली गेलेली मान पुस्तकावरही नीट वर होत नाही. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. त्यांचे नाव घेतल्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

मुले स्वयंपाक स्वतः करीत, शेतात राबत, बांधकामावर हात लावीत. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेथेही कमवा आणि शिका हाच मार्ग होता. ज्या मुलाने वाफा आखून पाणी पाजले आहे, त्याला क्षेत्रफळ म्हणजे काय ते हातानेच कळलेले असते. वर्गात तोच शब्द आला, की त्याचे कान आपोआप टवकारतात. श्रमाचा हा लाभ पैशाहून मोठा.

आता एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. हायस्कूल १९४० चे; पण खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज भाऊरावांनी साताऱ्यात १९३५ मध्येच काढले होते. म्हणजे आधी गुरुजी, मग हायस्कूल. मुलांचे लक्ष लागत नाही ही तक्रार पोरांविषयी करण्याआधी शिकवणाऱ्याची तयारी पाहिली पाहिजे, असा याचा अर्थ. हेच शिक्षक पुढे चावडीत, देवळात, झाडाखाली भरणाऱ्या शाळा चालवू लागले. अशा पाचशेहून अधिक शाळा संस्थेने काढल्या. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. १९५५ मध्ये निघालेल्या अध्यापक महाविद्यालयास मौलाना आझादांचे नाव देण्यात आले. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरव केला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. इंग्रजी सहावीत अडलेला हा विद्यार्थी लोकांच्या तोंडी कर्मवीर झाला होता.

पालकहो, गणिताच्या त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. न येणाऱ्याला पुढे न ढकलणे हा त्यांचा प्रामाणिकपणाच होता. पण पोराला वर्गात थांबवणे वेगळे आणि शाळेतून काढणे वेगळे. म्हणून मुलाचे लक्ष नाही असा निरोप शाळेतून आला, तर हात उगारण्याआधी चार गोष्टी विचारा. तो सकाळी खाऊन गेला होता का? रात्री पुरेसा झोपला का? वर्गात त्याला कोणी हिणवते का? त्याच्या हाताला आवडेल असे काही शाळेत वा घरी आहे का? मग गुरुजींना जाऊन भेटा. तक्रार घेऊन नव्हे, सल्ला घेण्यासाठी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, भाऊराव नापास झाले होते ही तुमच्यासाठी पळवाट नव्हे. नापास झाल्यावर ते बसून राहिले नाहीत, एवढेच ध्यानात ठेवा. न समजलेले त्याच दिवशी विचारा, विचारायला लाजू नका. उद्या वर्गात मागच्या बाकावर जो गप्प बसतो, त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्याचे मन वर्गात आणण्याचे निम्मे काम तेथेच होईल.