मुलं येईनात, तेव्हा शाळाच उठून गेली

‘अंगणवाडी’ हा शब्द तुमच्या कानांवरून हजारदा तरी गेला असेल. सेविकांच्या मोर्चाच्या बातमीत तो असतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातो, आणि गावाकडच्या एखाद्या मैत्रिणीची आई तिथेच काम करत असते. पण या शब्दातलं अंगण नेमकं कोणाचं, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? त्याचं उत्तर शोधायचं तर ताराबाई मोडक नावाच्या बाईंचं आयुष्य बघावं लागतं.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. आई उमाबाई विधवा होत्या, त्यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला होता. त्या काळात हे केवढं धाडस होतं, हे वेगळं सांगायला नको. अशा घरातली मुलगी शिकणारच. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. लग्न झालं, अमरावतीला संसार मांडला, पण तो टिकला नाही. पदरात लहान मुलगी घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईला एवढी मोठी खुर्ची मिळणं म्हणजे काय, विचार करा. तुम्ही-आम्ही असतो तर ती खुर्ची घट्ट धरून बसलो असतो. ताराबाईंनी मात्र १९२३ मध्ये ती सोडली आणि भावनगर गाठलं. तेही लहान मुलांसोबत काम करायला!

भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका होते. हा मूळचा वकील माणूस. घरात मूल आलं, त्याला कसं वाढवायचं म्हणून वाचायला लागले, त्यात मादाम माँटेसरींचं पुस्तक हाती पडलं आणि वकिली कायमची सुटली. छडी, पाढे, घोकंपट्टी यांना त्यांच्या बालमंदिरात जागा नव्हती. कमी होत जाणाऱ्या आकारांचे ठोकळे रचून मूल मनोरा करायचं. एखादा ठोकळा चुकीच्या जागी बसला, तर बाईंनी ओरडायची गरज नाही, मनोराच ते सांगायचा. अक्षरं पॉलिश पेपरची कापलेली. त्यांच्यावरून बोट फिरवलं की लिहिण्याआधीच वळण हाताला कळायचं. याला गिजुभाईंनी गोष्टी, गाणी, नाटकं आणि भटकंती यांची जोड दिली. मुलांना बाहेर न्यायचं, पानं, किडे, माती बघू द्यायची, हात लावू द्यायचा.

थोडं विषयांतर करतो. आपल्या कॉलेजच्या ‘व्हिजिट’ आठवा. बस, वडापाव, ग्रुप फोटो, आणि रिपोर्ट मागच्या बॅचचा! गिजुभाईंच्या बालमंदिरातली चार वर्षांची पोरं फिरायला जाऊन आपल्यापेक्षा जास्त काही घेऊन परत येत असावीत, अशी मला दाट शंका आहे.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघाली. मराठीतल्या ‘शिक्षणपत्रिके’ची धुरा ताराबाईंनी सांभाळली. पुढे त्या मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. शिशुविहार चाललं, नाव झालं, शिक्षिका तयार होऊ लागल्या.

इथंच ही गोष्ट संपली असती तर ताराबाई शहरातल्या एका चांगल्या बालशाळेच्या संस्थापक म्हणून लक्षात राहिल्या असत्या. पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. माँटेसरींची साधनं सुबक होती, मापात होती, आणि महागही होती. रोममध्ये माँटेसरींनी पहिलं बालगृह १९०७ साली काढलं, ते गरीब वस्तीतल्या मुलांसाठी. आपल्याकडे मात्र ती पद्धत येऊन पोचली फी भरू शकणाऱ्यांच्या मुलांपर्यंत. खेड्यातल्या मुलाने काय करायचं?

१९४५ च्या डिसेंबरमध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातलं, समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव. ताराबाईंचं वय तेव्हा त्रेपन्न. सोबतीला अनुताई वाघ आल्या. त्या पस्तिशीच्या. बालपणी लग्न, लगेच वैधव्य, मग जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. या दोघींनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

बालवाडी तर निघाली, पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दलित वस्तीतली मुलं यायचीच नाहीत. आळस हे कारण नव्हतं. आईबाप दिवस उजाडताच कामाला जायचे आणि सहा-सात वर्षांच्या पोरीच्या कडेवर वर्षाचं भावंड असायचं. तिने शाळेत यायचं कसं? शिवाय जातीची भिंत होतीच. गावातल्या बालवाडीत आपल्या पोराला कोणी जवळ बसवेल याची खात्री त्या आईला कोण देणार?

दुसरं कोणी असतं तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळं झालं असतं. या दोघींनी उलटा विचार केला. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीने त्यांच्या वस्तीत जायचं. तिथल्याच घरापुढे, सारवलेल्या जागेत बसायचं. हे त्या शब्दातलं अंगण! कडेवरचं भावंडही तिथेच खेळेल आणि ताईलाही शिकता येईल. सुरुवात अआइईने नाही, तर हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं यांनी व्हायची. पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणण्याचा प्रयोग झाला. त्याचं नाव ‘विकासवाडी’. लहानग्याला सांभाळायला कोणी असलं, तरच मोठीची सुटका होते, इतकं साधं गणित त्यामागे होतं.

आता अंगणात बसायचं तर दादरचं सामान तिथे कसं चालणार? म्हणून साधनं गावातूनच वेचायची ठरली. बिया, शिंपले, खडे, पानं, माती, बांबू. आणि जरा विचार केलात तर लक्षात येईल की यात तडजोड फारशी नाहीच. गुळगुळीत आणि खरखरीत यांतला फरक पॉलिश पेपर शिकवतो, तसा आंब्याचं आणि सागाचं पान शेजारी ठेवलं तरी कळतो. लहान-मोठं लावायला शिंपले आहेत, मोजायला चिंचोके आहेत. हलकं-जड, रंग, आकार, वास, सगळं चार पावलांवर पडलेलं. हरवलं तर दुसरं उचलायचं. मूल संध्याकाळी घरी गेलं तरी त्याची साधनं त्याच्या आजूबाजूलाच असतात, हा फायदा महागड्या पेटीला नाही. मला विचाराल तर ताराबाईंच्या कामातला सगळ्यात मोठा भाग हाच. ज्या पद्धतीवर त्यांचा जीव होता, तिचीच साधनं त्यांनी बाजूला ठेवली आणि तत्त्व तेवढं उचललं.

पन्नाशीच्या दशकात काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली पाडे. मुलं वेगळ्या बोलीची, आणि इथेही अडचण उभीच. पोरं सकाळी गुरं घेऊन रानात जायची. गुरं सोडून शाळेत बसणं कोणत्या घराला परवडेल? मग शाळा पुन्हा उठली आणि कुरणात गेली. नाव पडलं ‘कुरणशाळा’. गुरं चरताहेत, पोरांचं एक लक्ष त्यांच्यावर, आणि झाडाखाली शिकणं चालू. आपल्याकडे सहल म्हणजे वर्गातून बाहेर पडायचं. इथे बाहेर असलेल्या मुलांकडे वर्गच सहलीला आला होता.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. पोषण आहार, लसीकरण, वजनाचे तक्ते हे सगळं त्यात आलं, आणि ते हवंच होतं. खेळत शिकण्याचा भाग मात्र अनेक ठिकाणी त्या तक्त्यांखाली दबून गेला.

अनुताई ताराबाईंनंतरही कोसबाद सोडून गेल्या नाहीत. १९९२ पर्यंत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, त्या तिथेच काम करत होत्या.