एमी जॉन्सन : वैमानिक की मेकॅनिक?

पार्किंगमध्ये बाइकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासत बसणारे महाभाग आपल्या हॉस्टेलवर कमी नाहीत. काही बिघडलंच तर बाइक ढकलत आणता येते. पण स्वतःच्या छोट्या विमानावर मालकाने असा हात चालवावा का? अमेरिकेत खासगी विमानाच्या मालकाकडे पायलटचं लायसन्स असेल, तर तेल बदलणे, प्लग साफ करणे, टायर बदलणे अशी ठरावीक कामे तो स्वतः करू शकतो. मोठ्या कामाला मात्र परवानाधारक मेकॅनिकची सही लागतेच. हा विषय निघाला की मला एमी जॉन्सन आठवते.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल शहरातला. वडील मासळीचे व्यापारी. शेफिल्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन ती बी.ए. झाली आणि लंडनमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात नोकरीला लागली. म्हणजे इंजिनिअरिंगशी संबंध शून्य! पुढे स्टॅग लेनच्या फ्लाइंग क्लबात ती विमान शिकू लागली आणि तिथल्या हँगरमध्ये तिला खरी गोडी लागली. क्लबचे मुख्य इंजिनिअर जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली तिने ग्रीसने हात काळे केले. जुलै १९२९ मध्ये पायलटचं लायसन्स मिळालं आणि त्याच डिसेंबरमध्ये ग्राउंड इंजिनिअरचा परवाना. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

मला वाटतं, सगळा मुद्दा इथेच आहे. विमान माझं आहे म्हणून मी ते उघडणार, असं ती म्हणाली नाही. आधी परीक्षा दिली, मग पाना उचलला.

वडील आणि लॉर्ड वेकफिल्ड यांच्या पैशातून तिने ६०० पौंडांना एक सेकंडहँड जिप्सी मॉथ घेतलं. लाकडी सांगाडा, वर कापड, पुढे चार सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन. वडिलांच्या धंद्याच्या ट्रेडमार्कवरून त्याचं नाव ठेवलं 'जेसन'. ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा तिच्या उड्डाणाचे तास शंभरही नव्हते! बर्ट हिंकलर १९२८ मध्ये साडेपंधरा दिवसांत पोचला होता. कराचीपर्यंत एमी त्याच्या दोन दिवस पुढे होती.

पुढे आपल्या झाशीत पेट्रोल संपत आलं. लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरताना पंखाला मार बसला. एका स्थानिक सुताराच्या मदतीने तो सांधला आणि दुसऱ्या दिवशी ती कलकत्त्याकडे निघालीसुद्धा.

रंगूनजवळ इनसीनला मात्र खरी पंचाईत झाली. भर पावसात ती चुकून एका टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान चरात गेलं. प्रोपेलर, चाकांचा सांगाडा, पंख, सगळ्यांचीच मोडतोड. पण नशीब बघा, पडली ती थेट वर्कशॉपच्या दारात! प्रोपेलर तिने जादा आणून विमानाच्या अंगालाच बांधला होता. बाकीच्या दुरुस्तीला इन्स्टिट्यूटची माणसं धावली. पंखाला कापड हवं होतं. महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे तिथे शर्ट शिवले होते, तेच पंखावर चढले. (आपल्या वर्कशॉपमध्ये जॉबसाठी तासभर रांग लावणाऱ्यांनी हे वाचावं.) दोन-तीन दिवस गेले, विक्रम हुकला, पण २४ मे रोजी जेसन डार्विनला पोचलं.

एकटीने केलं असं आपण म्हणतो खरं, पण पंख तिने एकटीने दुरुस्त केला नव्हता. जे येतं ते स्वतः करायचं आणि जे येत नाही तिथे दुसऱ्याचा हात घ्यायचा, हे तिला कळत होतं. मालकाला दुरुस्तीची मुभा द्यायची तर माझ्या मते एवढी जाण असलेल्यालाच द्यावी. १९३१ मध्ये ती टोकियोला गेली, तेव्हा एवढं नाव झालेलं असूनही तिने हम्फ्रीजना सोबत नेलं. पुढे १९३२ मध्ये लंडन ते केपटाउन विक्रम झाला आणि नंतर ती महिला इंजिनिअर्सच्या सोसायटीची अध्यक्षही झाली.

दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवण्याचं काम करत होती. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत तिचं ऑक्सफर्ड विमान थेम्सच्या मुखापाशी पाण्यात कोसळलं. एमीचा मृतदेह मिळालाच नाही. जेसन मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलेलं आहे.