हानेस आल्फव्हेन

हानेस ओलोफ गोस्टा आल्फव्हेन (३० मे १९०८ – २ एप्रिल १९९५) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युतवाहक द्रायू आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या चुंबकीय द्रायुगतिकी या शाखेचा पाया त्यांनी घातला. ताऱ्यांच्या जन्मातील चुंबकीय क्षेत्राच्या कार्याचा विचार आजही त्यांच्या संकल्पनांच्या आधारे केला जातो.

जीवन

आल्फव्हेन यांचा जन्म स्वीडनमधील नॉरशोपिंग येथे झाला. त्यांचे आईवडील दोघेही डॉक्टर होते. १९३४ मध्ये त्यांनी उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १९४० मध्ये ते स्टॉकहोम येथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक झाले.

संशोधन

विद्युतवाहक द्रायूत चुंबकीय बलरेषा ताणलेल्या तारांप्रमाणे कंप पावू शकतात व त्यांतून तरंग निर्माण होतात, असे त्यांनी १९४२ मध्ये मांडले. उत्तम वाहकात विद्युतचुंबकीय तरंग शिरू शकत नाहीत, अशी तेव्हाची समजूत असल्याने या कल्पनेला अनेक वर्षे मान्यता मिळाली नाही. १९४८ मध्ये शिकागो येथील व्याख्यानानंतर एन्रिको फर्मी यांना ती पटली आणि विरोध ओसरला. हे तरंग आता आल्फव्हेन तरंग म्हणून ओळखले जातात. १९५३ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर व फर्मी यांनी या तरंगांच्या आधारे आंतरतारकीय चुंबकीय क्षेत्राचे मूल्य काढण्याची पद्धत दिली. तारे जन्मणाऱ्या मेघांसाठी ती आजही वापरली जाते.

ताऱ्यांच्या निर्मितीशी संबंध

आदर्श वाहक द्रायूत बलरेषा द्रव्यात जणू गोठलेल्या असतात, ही संकल्पनाही आल्फव्हेन यांचीच. त्यानुसार मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावताना बलरेषाही आत खेचल्या जातात, क्षेत्र तीव्र होते आणि आकुंचनाला विरोध करते. संपूर्ण चुंबकीय स्रोत टिकून राहिला असता, तर ताऱ्यांची क्षेत्रे प्रत्यक्षात आढळतात त्यापेक्षा कितीतरी पट प्रबळ झाली असती. लिऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये यावर उत्तर सुचवले. मेघातील बहुतांश कण विद्युतभाररहित असल्याने ते भारित कणांमधून व बलरेषांमधून हळूहळू आत सरकू शकतात. सूर्याचे परिवलन मंद होण्यामागे चुंबकीय क्षेत्र असावे, असेही आल्फव्हेन यांनी मांडले होते.

उत्तरायुष्य

अणुऊर्जा धोरणावरील मतभेदांमुळे १९६७ मध्ये त्यांनी स्वीडन सोडले. पुढे त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत अध्यापन केले. १९७० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लुई नेल यांच्यासमवेत विभागून मिळाले. गोठलेल्या बलरेषांची कल्पना अवकाशातील प्रत्येक आयनद्रायूला सरसकट लावणे दिशाभूल करणारे आहे, असा इशारा त्यांनी नोबेल व्याख्यानात स्वतःच दिला. १९९५ मध्ये स्वीडनमधील युर्सहोल्म येथे त्यांचे निधन झाले. १७७८ आल्फव्हेन या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.